खारपाणपट्ट्यातल्या पेट्रोल पंपाच्या टाक्या : कामाच्या नोंदी

९ जानेवारी

आज नव्या पेट्रोल पंपाची जागा पाहिली. अमरावती जिल्ह्यातला दर्यापूर तालुका, खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं. फाट्यापासून गाव आत आहे, प्लॉट मात्र रस्त्याला लागून. ३५ बाय ३५ मीटर. रस्त्यापेक्षा साधारण अर्धा मीटर खाली. एका अंगाला तूर कापून पेंढ्या लावलेल्या, दुसऱ्या अंगाला हरभरा. सर्वांत जवळचा पेट्रोल पंप १७ किलोमीटरवर. ट्रॅक्टरवाले कॅनमध्ये डिझेल आणतात आणि घराच्या सपरीत ठेवतात.

डीलर काकू स्वतः जागेवर होत्या. काम असं : जमिनीखाली दोन टाक्या, प्रत्येकी २० किलोलिटर, एक पेट्रोलची आणि एक डिझेलची. दोन मशीन. माझ्याकडे खोदाई, पाया, टाक्या बसवणं आणि पाइपलाइन यांचं नियोजन आणि देखरेख.

काकूंनी पहिलाच प्रश्न विचारला, "टाकी जमिनीत किती वर्षं टिकते जी?"

म्हटलं, पंचवीस-तीस वर्षं तरी टिकायला पाहिजे.

त्या मला कुंपणाजवळ घेऊन गेल्या. तारेसाठी रोवलेला लोखंडी अँगल हातानं हलवला. वरून ठणठणीत, पण मातीच्या रेषेला कागदासारखा झालेला. "आठ वर्षं झाली याले रोवून," म्हणाल्या.

नोंदी ठेवायचं तिथंच ठरवलं. टाकी एकदा मातीआड गेली की तिच्याबद्दल जे कळेल ते कागदावर लिहिलेलं तेवढंच.

१४ जानेवारी

कागदपत्रं. पेट्रोलियम नियम २००२ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांचं ना-हरकत, नागपूरच्या पेसोकडून (पेट्रोलियम आणि स्फोटकं सुरक्षा संघटना) नकाशाची मंजुरी, रस्त्याला जोडरस्ता काढायची परवानगी, अकृषक आदेश. काकूंनी बरंच केलेलं आहे. पेसोचं मुख्यालय आपल्याच विदर्भात असल्याचं त्यांना माहीत नव्हतं, ऐकून बरं वाटलं त्यांना.

पेट्रोल 'अ' वर्गात येतं, म्हणजे २३ अंशांच्या आतच त्याची वाफ पेट घेऊ शकते. डिझेल 'ब' वर्गात. आपल्याकडे २३ अंशांखाली दिवस जातो कधी? डिसेंबरातल्या पहाटा सोडल्या तर नाहीच, आणि पेट्रोल तर त्या पहाटेही पेटतं, त्याची वाफ शून्याखालीही पेट घेते. हे मजुरांना पहिल्या दिवशी सांगायचं.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सूचनेप्रमाणे शाळा, दवाखाना, वस्ती ५० मीटरच्या आत नको. टेपनं मोजलं : जिल्हा परिषदेची शाळा १४० मीटर, पहिलं घर ९५ मीटर. वरून विजेची तार जात नाही. ठीक.

२२ जानेवारी

जेसीबीनं तीन ठिकाणी चार-चार मीटर खड्डे घेऊन पाहिले. तिन्हींत तळापर्यंत काळी, मग पिवळसर चिकणमाती. मुरूम नाही, गोटा नाही. लागणारही नाही, पूर्णेच्या खोऱ्यातला गाळ शेकडो फूट खोल आहे. यवतमाळकडे काम केलं तेव्हा दोन मीटरवर मुरूम लागायचा आणि पाया निश्चिंत व्हायचा. इथं तशी सोय नाही.

वरच्या सव्वा मीटरमध्ये जुन्या भेगांच्या खुणा दिसतात, वरची भुरी माती आत घसरून बसलेली. म्हणजे माती उन्हाळ्यात तेवढ्या खोलीपर्यंत फाटते आणि पावसाळ्यात फुगून मिटते. वर्षातून एकदा जमीनच हलते. पाइपच्या उताराचा विचार करताना हे विसरायचं नाही.

खड्ड्यांत पाणी नव्हतं. ठेकेदार म्हणाला, "पाहा, कोरडं ठणठणीत आहे." जानेवारीत कोरडं आहे, एवढंच मी लिहितो.

३ फेब्रुवारी

शेजारच्या बोअरच्या पाण्याचा रिपोर्ट आला. क्लोराइड १,४८० मिलिग्रॅम प्रतिलिटर. सळईच्या काँक्रीटसाठी आयएस ४५६ मध्ये मर्यादा ५०० आहे, बिनसळईच्या काँक्रीटसाठी २,०००. म्हणजे या पाण्यानं खालचा बिनसळईच्या काँक्रीटचा भर टाकता येईल, पण पायाचा स्लॅब नाही. सळई आतून गंजेल आणि काँक्रीट फुटेल. क्युरिंगलाही, म्हणजे ओतलेलं काँक्रीट ओलं ठेवायलाही, हे पाणी नको.

मग गोडं पाणी कुठून? गावाला पाणी शहानूर धरणाच्या नळयोजनेचं. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांआड येतं. ते मागायचं तर गावाच्या तोंडचं मागायचं. हा प्रश्न आज सुटला नाही. वेगळ्या रंगात लिहून ठेवला आहे.

११ फेब्रुवारी

मातीचा विद्युत रोध मोजला, चार खुंट्या ठोकून. ४ ओहम-मीटर. इतकी खारट ओली माती वीज पाण्यासारखी वाहून नेते. फोरमन खूश झाला, कारण अर्थिंगचं काम सोपं : चाचणीसाठी ठोकलेल्या एका पाइपलाच ओहमच्या आसपास रीडिंग आलं, नियमात ७ ओहम चालतात.

पण तीच माती लोखंडाला खाते. १० ओहम-मीटरच्या खाली गेलं की गंज जोरात लागतो. काकूंचा अँगल आणि फोरमनचं छान रीडिंग यांचं कारण एकच.

ठरवलेलं :

अर्थिंगला तांब्याच्या प्लेटा नकोत, जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या घ्यायच्या. तांबं आणि टाकीचं पोलाद वायरनं जोडून खाऱ्या मातीत पुरलं की ती बॅटरी होते आणि झिजतं ते पोलाद. टाकीला कोल टार इपॉक्सीचे (गंज रोखणाऱ्या लेपाचे) थर, वरून स्पार्क लावून प्रत्येक इंच तपासायचा. टाकीभोवती मॅग्नेशियमचे ॲनोड, म्हणजे झीज त्यांची होईल, टाकीची नाही. ॲनोडची वायर वर एका डबीत आणायची, म्हणजे दरवर्षी मोजता येईल. ॲनोडचा खर्च मूळ अंदाजपत्रकात नाही. काकूंशी बोललो. त्यांनी "अँगल पाह्यला ना तुमी," एवढंच म्हणून होकार दिला.

२० फेब्रुवारी

पाइपलाइनचा निर्णय. यावर तीन दिवस गेले, पण जाऊ दिले.

दोन पद्धती आहेत. शेतकऱ्याला लगेच कळतील अशा. एक म्हणजे विहिरीच्या काठावर मोनोब्लॉक ठेवून पाणी ओढणं : मोटर मशीनमध्ये, ती टाकीतून इंधन ओढते. दुसरी म्हणजे बोअरमध्ये सबमर्सिबल सोडणं : मोटर टाकीत, ती इंधन ढकलते.

ढकलणाऱ्या पद्धतीचे फायदे खरे आहेत. लांब अंतर चालतं, आणि मे महिन्यात पेट्रोलची वाफ धरून मशीन उगाच हवा ओढत बसत नाही. आपल्याकडे ४५ अंशांचं ऊन, त्यामुळे ठेकेदाराचा कल तिकडे. त्याचं म्हणणं चुकीचं नाही.

पण पाइपला भोक पडलं तर काय होईल हे दोन्हीत वेगळं आहे. ढकलणारी लाइन दाबाखाली असते, ती इंधन मातीत फेकत राहते. ओढणाऱ्या लाइनला भोक पडलं तर ती हवा आत घेते, मशीनची धार तुटते, आणि पाइपातलं इंधन उताराने टाकीत परत जातं. अट एकच : टाकीत फूट व्हॉल्व्ह ठेवायचा नाही, उलट प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह मशीनच्या पायाशी एकच ठेवायचा. विहिरीवरच्या सवयीनं फिटर टाकीत फूट व्हॉल्व्ह टाकून मोकळे होतात, मग पाइप कायम भरलेला राहतो आणि गळती कळत नाही.

हलणारी माती आणि खारा गंज पाहता मी ओढणारी पद्धत घेतो. त्यासाठी लाइन आखूड हवी. टाकीपासून पेट्रोलचं मशीन ९ मीटरवर आणलं. उचल साडेतीन मीटरच्या आत, पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं असल्यानं ती पाण्याच्या अडीच-पावणेतीन मीटरइतकीच पडते. पाइप तापलेल्या काँक्रीटला चिकटून न नेता खोलवर नेला की आतलं पेट्रोल थंड राहील.

पाइप दुहेरी भिंतीचा एचडीपीई प्लॅस्टिकचा, सांधे इलेक्ट्रोफ्युजनचे, म्हणजे विजेनं वितळवून जोडलेले. मातीखाली पेच असलेला एकही सांधा नाही. उतार सहसा मीटरला १ सेंटिमीटर देतात, ९ मीटरला ९ सेंटिमीटर. इथली माती फुगली तर तेवढं ती एका पावसाळ्यात उचलून टाकेल, मग मध्ये पोट पडून इंधन साचेल. म्हणून दुप्पट, १८ सेंटिमीटर. शिवाय पाइपच्या चराखालची अर्धा मीटर काळी माती काढून तिथं रेती.

व्हेंट पाइप (टाकीतली वाफ बाहेर सोडणारा) प्रत्येक टाकीला स्वतंत्र, जमिनीपासून ४ मीटर उंच, तोंडाला जाळीचे दोन थर. भरायचा पाइप टाकीच्या तळाजवळपर्यंत, म्हणजे इंधन वरून धबाधबा पडून स्थिर वीज तयार होणार नाही.

६ मार्च

रस्त्याकडेनं गावाची पाण्याची लाइन जाते. मिळालेल्या नकाशात ती प्लॉटच्या हद्दीबाहेर दीड मीटरवर दाखवली आहे. मी त्यावरच मांडणी केली होती : टाक्या पुढे, रस्त्याच्या बाजूला, टँकरला सोयीच्या.

गावचे जुने व्हॉल्व्हमन काका सायकलवरून जाता जाता थांबले. आम्ही फक्की टाकून आखणी करत होतो. बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "भाऊ, तुमच्या कागदावर काई असो, लाइन इथून नाई जात. थे आतून जाते. बाभूळ होती तिकडं, म्हून वळवली होती. मी सोता होतो ना चरात."

बाभळीचा आज पत्ता नाही. त्यांनी पावलं मोजली, टाच रोवली. तिथं हातानं खोदलं, जेसीबी लावला नाही. ९० सेंटिमीटरवर पीव्हीसीची पाइपलाइन. प्लॉटच्या आत, हद्दीपासून २ मीटर १० सेंटिमीटर. पेट्रोलच्या टाकीचा खड्डा जिथं आखला होता, त्याच्या काठाला लागून.

पेट्रोल अशा पाइपच्या सांध्यांतल्या रबरातून आत झिरपू शकतं. पाइप फुटलेला असायची गरज नाही. ते रबर फुगतंही. आणि ही लाइन दिवसाआड-चार दिवसांआड चालू होते, मधल्या काळात रिकामी असते, म्हणजे आत दाब नसतो, बाहेरचं ओढून घ्यायला ती मोकळीच.

काकांना चहा पाजला. त्यांचं मी काय देणं लागतो ते चहानं फिटणारं नाही.

९ मार्च

ठेकेदाराशी वाद झाला. त्याचं म्हणणं, टाकी नवी आहे, लाइन दुहेरी भिंतीची आहे, गळेल कशाला. आणि गळलं तरी "इथलं पानी खारंच हाये साहेब, कोन पेते?"

इथलं भूजल माणूस पीत नाही हे खरं. म्हणूनच तर नळाच्या एका लाइनवर अख्खं गाव आहे. ती बिघडली तर दुसरी विहीर नाही, हातपंप नाही. गोड्या पाण्याच्या गावात मी जेवढी काळजी घेतली असती त्याहून जास्त इथं घ्यायला हवी.

शिवाय मागच्या अंगाला शेजारचे शेतकरी काकाजी यांचं शेततळं आहे, ५५ मीटरवर, उताराच्या दिशेनं. पावसाचं साठवलेलं पाणी. त्यावर त्यांची संत्र्याची कलमं आणि चार जनावरं.

१९ मार्च

नवी मांडणी. टाक्या मागे ओढल्या, पाण्याच्या लाइनपासून १९ मीटर दूर. मशीन त्यांच्यासोबत सरकली, म्हणजे पेट्रोलची लाइन ९ मीटरच राहिली. टँकरला वळायला जागा कमी पडत होती, म्हणून जोडरस्त्याचा कोन बदलला. पाण्याची लाइन जिथं वाहनांखाली येते तिथं तिच्यावर काँक्रीटचं कवच.

मंजूर नकाशा बदलला म्हणजे पुन्हा मंजुरी. ठेकेदार म्हणतो, टाकी पाच-दहा मीटर इकडे-तिकडे कोण पाहतं. परवान्याच्या नकाशात टाकी एका जागी आणि जमिनीत दुसऱ्या जागी, हे मी करणार नाही. पंधरा वर्षांनी कोणी नळाचा सांधा शोधत कुदळ मारेल तेव्हा त्याच्या हातात हाच नकाशा असेल. सहा मार्चला माझ्या हातात जसा होता तसा.

सुधारित नकाशे पाठवले.

८ एप्रिल

तरंगण्याचं गणित. हे सविस्तर लिहितो, कारण पुढचे निर्णय यावर आहेत.

टाकीचा व्यास २ मीटर, लांबी साडेसहा. आकारमान २०.४ घनमीटर. खड्ड्यात पाणी भरलं आणि टाकी रिकामी असली तर पाणी तिला २०.४ टनांनी वर ढकलतं. टाकीचं स्वतःचं वजन जेमतेम अडीच टन. दोन टाक्या धरून वर ढकलणारा जोर सुमारे ४१ टन, दाबून धरणारं टाक्यांचं वजन ५ टन.

टाक्या पट्ट्यांनी खालच्या स्लॅबला बांधतात. दोन्हींना एकच स्लॅब, साडेसात बाय ६ मीटर. ठेकेदाराच्या ड्रॉइंगमध्ये जाडी २० सेंटिमीटर. पाण्याखाली काँक्रीटचं वजन घनमीटरला अडीचऐवजी दीड टनच उरतं, म्हणजे साडेतेरा टन. टाक्या धरून साडेअठरा. समोर ४१. जाडी ४० सेंटिमीटर केली तर २७ अधिक ५, ३२ टन. तरीही ९ टन कमी.

वरून-बाजूंनी रेती पूर्ण भरली की मात्र चिंता नाही, स्लॅबवर उभी राहिलेली रेतीच पाण्याखालीसुद्धा ऐंशी टनांच्या वर भरते. म्हणजे खरा धोका मधल्या दिवसांचा : टाकी उतरवली आहे, पट्टे आवळले आहेत, रेती अजून अर्धीच आहे, आणि रात्री पाऊस येतो.

चार वर्षांपूर्वी एका दुसऱ्या जागी मी हे पाहिलं आहे. जूनच्या सुरुवातीचा एक पाऊस. सकाळी गेलो तर टाकी हातभर वर आलेली, तिरपी, व्हेंटचा पाइप मुरगळलेला. आत इंधन नव्हतं म्हणून वाचलो. तेव्हा मी हाताखालचा होतो, रेती दोन दिवसांनी येणार हे मला माहीत होतं आणि मी बोललो नव्हतो.

उपाय : स्लॅब ४० सेंटिमीटर. आणि रेती चढेल तसं टाकीच्या आत पाणी चढवत न्यायचं, आतली पातळी कायम बाहेरच्या वर. हिशेबापुरतं, ९ टनांच्या तुटीवर खबरदारीची भर धरून, १७ हजार लिटर पुरे, पण टाक्या जागेवर भरून तपासायच्या आहेत, म्हणून ४० हजार लिटर. आणि तेही गोडं, कारण खाऱ्या पाण्याचे क्षार नव्या टाकीच्या आतल्या पत्र्यावर बसलेले मला नको आहेत.

दुसरं, प्लॉट मुरुमानं ८० सेंटिमीटर उचलायचा. म्हणजे रस्त्यापेक्षा वर येईल आणि मूळ जमिनीत खड्डा साडेतीनऐवजी पावणेतीन मीटरच जाईल. मुरूम साधारण चारशे ब्रास, दबाई धरून. तो सातपुड्याच्या पायथ्याकडून आणावा लागेल. वाहतुकीचाच खर्च मोठा.

२९ एप्रिल

गावात नळ सहाव्या दिवशी आला. ड्रमांच्या रांगा. मी ४० हजार लिटरचा विषय ग्रामपंचायतीत काढला नाही. काढायला तोंडच नव्हतं.

टँकरवाल्यांना विचारलं. आणतील, पण कुठून आणतील ते सांगत नाहीत. दुसऱ्या गावची विहीर उपसून आणलेलं पाणी मला नको.

१३ मे

सुधारित नकाशाची मंजुरी आली. ठेकेदारानं जेसीबी सांगूनही टाकला.

१६ मे

दिवसांचा हिशेब मांडला. खोदाई ४ दिवस. भर आणि स्लॅब ५. स्लॅबला ताकद यायला १४. टाक्या उतरवणं, पट्टे, तपासणी ३. रेती ४. एकही दिवस वाया न जाता ३० दिवस, म्हणजे १५ जून. विदर्भात मान्सून त्याच सुमारास पोचतो, आणि वळवाचा पाऊस तर कुणाला विचारून येत नाही. काळ्या मातीची उभी कड कोरडी असताना भिंतीसारखी वाटते, भिजली की भेगेवर सोलून खाली येते. एक घनमीटर मातीचं वजन पावणेदोन टन. खड्ड्यात चार माणसं असतील.

आणि पाणी नाहीच.

काकूंना सगळं समोर मांडलं. दिवाळीनंतर खोदायचं तर काय जातं तेही लपवलं नाही : पेरणीच्या दिवसांतली डिझेलची विक्री, सोयाबीनच्या काढणीची विक्री, बँकेच्या कर्जाचं सहा महिन्यांचं व्याज. रक्कम त्यांच्यासाठी लहान नाही. त्या काही बोलल्या नाहीत.

१७ मे

सकाळी काकूंचा फोन. "पावसायात वावर नांगरत नाई आपन, मंग खड्डा कायले करता? थांबा दिवाईलोक." ठेकेदार नाराज आहे, पण आला आणि मुरुमाचं काम तरी आता करून घेऊ म्हणाला. ते बरोबर आहे. मुरूम पावसात बसूही द्यावा.

२ जून

थांबायचंच आहे तर पाणी मोजू. टाक्यांच्या जागी आणि दोन कोपऱ्यांवर तीन बोअर घेतले, चार मीटर खोल, आत ११० मिलिमीटरचा भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप, भोवती गिट्टी, वर टोपण. दोरीला वजन बांधून पातळी पाहायची. आज तिन्ही कोरडे. मोजायचं काम काकूंच्या मुलीनं घेतलं आहे, बारावीला आहे, वही नीट ठेवते.

तिच्या वहीतून, टाक्यांच्या जागचा पाइप, मूळ जमिनीपासून पाणी किती खाली :

२८ जून, ३.४ मीटर
२० जुलै, १.६
१४ ऑगस्ट, ०.५
२ सप्टेंबर, ०.४
१० ऑक्टोबर, १.१
५ नोव्हेंबर, २.३

३ सप्टेंबर

०.४ चा आकडा पाहून स्वतः जाऊन पुन्हा मोजलं. तेवढाच. मूळ ड्रॉइंगच्या कोपऱ्यात भूजल ६ मीटर असं लिहिलेलं आहे, ते कुठल्या तरी उन्हाळ्यातल्या बोअरचं असावं. पावसाळ्यात हे पाणी खालून येत नाही, वरून भेगांतून उतरतं आणि चिकणमातीत अडकून बसतं.

यातून आणखी एक गोष्ट लक्षात आली, जी मी आधी पुरेशी धरली नव्हती. चिकणमातीत खड्डा करून रेतीनं भरला की तो हौद होतो. रेतीतून पाणी झटकन आत येतं, मातीतून बाहेर जात नाही. टाकी पावसाळ्याचे चार महिनेच नाही, कदाचित जानेवारीपर्यंत पाण्यात उभी राहील. म्हणून : खड्ड्याच्या कोपऱ्यात तळापर्यंत एक निरीक्षण नळी, पंप सोडता येईल एवढी रुंद. पाणी उपसायलाही तीच आणि इंधनाचा वास किंवा तवंग आला तर तो कळायलाही तीच. वरून काँक्रीटचा उतार बाहेरच्या बाजूला, टाकीवरची झाकणं जमिनीपेक्षा उंच आणि रबराची गॅस्केट लावून.

झाकणांचं महत्त्व आता पूर्वीपेक्षा जास्त. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाण्याकडे ओढलं जातं. पूर्वी टाकीत पाणी शिरलं तर ते तळाशी वेगळं बसायचं, डिप रॉडला (टाकीतली पातळी मोजायच्या काठीला) पेस्ट लावून मोजायचं आणि काढून टाकायचं. आता पाणी मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर खाली बसतं. मग ती टाकीच बाद.

१२ सप्टेंबर

काकाजींच्या शेततळ्यावर गेलो. काठोकाठ भरलेलं. उद्देश त्यांना नवी मांडणी समजावून सांगायचा होता, कारण त्यांच्या मनात मार्चपासून धास्ती होती. जमिनीवर काडीनं टाकी, हौद, निरीक्षण नळी असं सगळं काढून दाखवलं. नळीचं झाकण कुलपाचं असेल आणि दर महिन्याला ते स्वतः येऊन दोरी सोडून पाहू शकतील, हेही सांगितलं. काकूंनी तसं आधीच मान्य केलं होतं.

बोलता बोलता गोड्या पाण्याची अडचण निघाली. काकाजींनी विचारलं, किती लागते. सांगितलं : टाक्यांना ४० हजार लिटर, स्लॅबला आणि क्युरिंगला दहा-बारा हजार. त्यांनी तळ्याकडे पाहिलं. "अर्धी बोटभर पातई उतरन. न्या ना जी. कलमाइले फेब्रुवारीलोक पुरते." बोटाचा हिशेब थोडा चुकत असेल, सात-आठ बोटं उतरेल बहुधा. मी ते बोललो. ते म्हणाले, "मंग तेवढी उतरन."

पाण्याचा नमुना तपासला. क्लोराइड ४६.

फेब्रुवारीत वेगळ्या रंगात लिहिलेल्या नोंदीवर आज रेघ मारली.

२४ ऑक्टोबर

टाक्या तयार. कारखान्यात जाऊन पाहिल्या. इपॉक्सीच्या थरावर स्पार्क फिरवला, ११ ठिकाणी ठिणगी पडली, म्हणजे ११ सूक्ष्म भोकं. डोळ्यांना एकही दिसत नव्हतं. खडूनं खुणा करून घासून पुन्हा थर दिला, वाळल्यावर पुन्हा फिरवला. आता एकही नाही. उचलताना साखळी नको, रुंद पट्टे वापरायचे, हे हायड्रा क्रेनवाल्याला लेखी दिलं.

९ नोव्हेंबर

खोदाई सुरू. कडा एकास एक उतारानं. माती काठापासून दोन मीटर लांब टाकायची. पाणी ठरल्याप्रमाणे २.३ वर लागलं, एका पंपानं आटोक्यात. शिडी दोन ठिकाणी. कड भिजलेली दिसली की सगळ्यांनी वर यायचं, मला विचारायला थांबायचं नाही.

१४ नोव्हेंबर

खालचा भर आणि सळई. काकाजींच्या तळ्यातून पाइप टाकला, पहिलं पाणी आज घेतलं.

१६ नोव्हेंबर

स्लॅब एका दमात ओतला, पहाटे साडेपाच ते दुपारी एक. पट्ट्यांचे हूक आठही जागेवर, स्वतः मोजले.

१ डिसेंबर

टाक्या उतरवल्या. पट्टे आणि टाकीच्या मध्ये रबर. लेव्हल घेतली, झाकणाच्या विरुद्ध टोकाकडे किंचित उतार, म्हणजे पाणी शिरलंच तर तिथं जमेल आणि डिप तिथंच घ्यायची.

२ डिसेंबर

काल पाइपलाइनला हवेचा दाब दिला, साडेतीन किलो. संध्याकाळी उन्हं उतरल्यावर काटा थोडा खाली आला आणि फिटर घाबरला. पाइप दुपारी ३१ अंशांवर होता, रात्री १४ वर. हवा थंड झाली की आकसते : गणितानं ३.२५ च्या आसपास यायला हवा, काटा ३.२५ वर होता. तरी साबणाचं पाणी प्रत्येक सांध्याला लावलं. आज दुपारी त्याच तापमानाला पुन्हा पाहिला तर साडेतीन.

४ डिसेंबर

सकाळपासून रेती आणि पाणी सोबत. रेती धुतलेली, तिसऱ्यांदा तपासलेली. आत पन्नास सेंटिमीटर पाणी, मग बाहेर तीस सेंटिमीटर रेती, दोन्ही बाजूंनी सारखी. काकूंची मुलगी डिप रॉड धरून आकडे सांगत होती, काकाजी तळ्यावरच्या मोटरपाशी. दुपारी चारला दोन्ही टाक्या भरल्या. झाकणांवर खुणेची पातळी घेतली. रेती वरपर्यंत आल्यावर पुन्हा घेतली. दोन्ही टाक्या मिलिमीटरभरही हललेल्या नाहीत.

निरीक्षण नळीत पाणी २.६ मीटर खाली. तवंग नाही, वास नाही. वहीत पहिली सही काकाजींची.